तुम्ही व्हा पुढे

आइसलंडला आम्ही आठ दिवस होतो. त्यातल्या धबधब्यांवर आणि हिमनद्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या मनात राहिली ती रेक्याविकमधल्या एका बागेतली दोन तासांची संध्याकाळ. पण ती कळायला आदली गोष्ट सांगावी लागेल.

आई एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिचा उजवा गुडघा दुखतो. हे ठाऊक असूनही मी बसच्या सहली ठरवल्या, कारण परक्या देशात, त्या वाऱ्यात गाडी चालवायची मला भीती वाटली. दुसऱ्याच दिवशी 'गोल्डन सर्कल'ची, म्हणजे थिंगवेत्लिर, गेसिर आणि गुत्लफॉस धबधबा या तीन ठिकाणांची सहल होती. थिंगवेत्लिरला, म्हणजे 930 साली आइसलंडची संसद जिथे पहिल्यांदा भरली तिथे, खडकाच्या उंच भिंतींमधून चालत जायची वाट आहे. सगळे झपाझप निघाले. आई जरा चालली, एका दगडाला टेकली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून."

गेसिरला ती खूश होती. स्ट्रोक्कुर हा तिथला गरम पाण्याचा फवारा दर सहा ते दहा मिनिटांनी उसळतो, त्याच्यासाठी कुठे धावावं लागत नाही. गुत्लफॉसला मात्र जिना होता. ती एका टोकाला थांबली, मी धबधब्याजवळ जाऊन आले, आणि आम्ही बसपाशी पोचलो तेव्हा सहा मिनिटं उशीर झालेला होता. गाइडने माइकवरून सगळ्यांना सांगितलं की दोन प्रवाशांमुळे आपण उशिरा निघतो आहोत. चाळीसेक माना वळल्या. आई खिडकीकडे तोंड करून बसली ती रेक्याविक येईपर्यंत. मला त्या माणसाचा राग अजूनही आहे. घड्याळ पाळायलाच हवं, पण ते वाक्य माइकवरून बोलायची काहीही गरज नव्हती.

त्यानंतर प्रत्येक ठिकाणी बसमधून उतरायच्या आधीच ती म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे." खरं तर आम्ही दोघीच होतो. 'तुम्ही' कोण?

पाचव्या दिवशी बस नव्हती. क्लाम्ब्रातून नावाची मोठी बाग आमच्या खोलीपासून जवळच होती आणि तिच्या कडेला क्यारवल्सस्तादिर हे चित्रांचं संग्रहालय. योहानेस क्यारवल या चित्रकाराच्या नावाने 1973 मध्ये ते सुरू झालं. त्याने लाव्हाचे खडक आणि त्यांच्यावरचं शेवाळ इतकं जवळून रंगवलंय की बसच्या काचेतून इतके दिवस जे करडं-हिरवं सरकताना दिसलं होतं, ते तिथे पहिल्यांदा नीट दिसलं. आई एकेका चित्रासमोर हवा तितका वेळ उभी राहिली. तिथे कुणी घड्याळ बघत नव्हतं.

बाहेर पडताना तिला मोठ्या काचेतून गवतावर एक खांब दिसला. त्याला कमरेच्या उंचीवर गोल जाळी आणि वरच्या कड्याला लोंबत्या साखळ्या.

"पक्ष्यांना दाणे घालायचं आहे का ते?"

मलाही सांगता येईना. तेवढ्यात एक तबकडी तिरकी तरंगत आली, साखळ्यांवर आदळली आणि खळ्ळकन वाजून जाळीत पडली. तो आवाज काचेच्या आतही आला. आई म्हणाली, "संध्याकाळी बघायला येऊ."

जूनमध्ये तिथे संध्याकाळ संपतच नाही. सूर्य मध्यरात्रीच्या सुमाराला टेकतो. जेवून आठ वाजता आलो तेव्हा लख्ख उजेड होता. कडेने बर्च आणि इतर झाडांच्या रांगा, मधे मोकळी हिरवळ, वर टेकाडावर हात्लग्रिम्सकिर्क्या या चर्चचा मनोरा, आणि वारा. बागेत माणसं बागेत असतात तशीच होती. कुणी पथारी पसरून बसलेलं, मुलं फुटबॉल खेळणारी, बाबागाड्या. साखळ्यांच्या त्या जाळीला बास्केट म्हणतात, आणि कमीत कमी फेकींत तबकडी तिच्यात टाकायची हा खेळ म्हणजे डिस्क गोल्फ. माणसांमधूनच नऊ बास्केटचा त्याचा छोटा कोर्स फिरतो. कुंपण नाही, फाटक नाही, तिकीट नाही. ज्या देशात आम्ही प्रत्येक कॉफीचा हिशोब करत होतो, तिथे ही एक गोष्ट फुकट होती.

आम्ही बाकावर बसलो. पहिल्या बास्केटच्या खेळीला एक आजोबा आणि त्यांची दहा-अकरा वर्षांची नात आली. ती त्यांना 'आवी' म्हणत होती. आइसलंडच्या भाषेत आवी म्हणजे आजोबा. मुलीने आमच्याकडे दोनदा पाहिलं, आजोबांशी काहीतरी बोलली आणि सरळ येऊन इंग्रजीत मला विचारलं, "ही तुझी अम्मा?"

मी म्हटलं, "नाही, आई." मग कळलं की त्यांच्याकडे आजीला अम्माच म्हणतात. आईला हे इतकं आवडलं की मुलगी पुढे जे म्हणेल त्याला ती हो म्हणणार हे तेव्हाच ठरलं. मुलगी म्हणाली, खेळा आमच्याबरोबर. या खेळाला ती 'फोल्फ' म्हणत होती.

आजोबांच्या पिशवीत दहा-बारा तबकड्या होत्या. लांबून बघताना सगळ्या सारख्या वाटतात, पण हातात घेतल्या की फरक कळतो. लांब फेकायच्या ड्रायव्हरची कड पातळ आणि धारदार, जवळून टाकायच्या पटरची जाड आणि बोथट. बऱ्याच तबकड्यांवर चार आकडे छापलेले होते. वेग किती, तरंगते किती, वेगात असताना कुठे कलते आणि वेग संपताना कुठे वळते. मी आकडे बघून सगळ्यात वेगवान ड्रायव्हर उचलला. आजोबांनी मान हलवली, पण अडवलं नाही. आईच्या हातात त्यांनी एक जुना, वापरून मऊ झालेला पटर दिला.

तो ड्रायव्हर घेणं चुकलंच. वेगवान तबकडीला तेवढा वेग देणारा हात लागतो. तो नसेल तर ती लगेच दम सोडते, आणि उजव्या हाताने छातीपासून फेकणाऱ्याची डावीकडे वळून पडते. माझी प्रत्येक फेक डावीकडेच गेली. आईने मात्र पटर दोनदा हातात उलटसुलट केला, कड चाचपली, मनगट आत वळवलं आणि सोडला. तो फार लांब गेला नाही, वीस-बावीस मीटर असेल. पण सपाट गेला, अजिबात न डगमगता.

मी बघतच राहिले. ती म्हणाली, "शाळेत रिंग टेनिस खेळायचो आम्ही. रिंग अशीच सोडायची, नाहीतर डुगडुगते."

हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. कदाचित मी कधी विचारलं नव्हतं. आणि खरंच, गुपित तेच आहे. मनगटाचा झटका तबकडीला गिरकी देतो आणि गिरकीमुळे ती हवेत सपाट राहते. गिरकी कमी पडली की दंडात कितीही जोर असो, ती डगमगून पडते.

तर, पहिल्या बास्केटला चौघांच्या चार फेकी झाल्या. आजोबांची तबकडी बास्केटजवळ, मुलीची थोडी अलीकडे, माझी डावीकडे झाडांत, आईची सगळ्यात मागे. आईने सवयीने गुडघ्यावर हात ठेवला आणि मराठीतच म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून."

मी भाषांतर केलं. मुलीला ते समजेना. ती म्हणाली, "पण तिची सगळ्यात लांब आहे."

नियम असा की बास्केटपासून ज्याची तबकडी सगळ्यात लांब, त्याने आधी फेकायचं. तो फेकेपर्यंत बाकीच्यांनी त्याच्या पुढे जायचं नाही, कारण पुढे गेलेल्याला तबकडी लागू शकते. नियमाच्या पुस्तकात हे एका ओळीत बसतं. गवतावर मात्र असं झालं की आजोबा, मुलगी आणि मी, तिघंही आईच्या वेगाने चालत तिच्या तबकडीपाशी गेलो आणि तिच्या मागे उभे राहिलो. मुलीने खिशातून एक चिमुकली चकती काढून तबकडीच्या पुढ्यात ठेवली, तबकडी उचलून आईच्या हातात दिली, आणि चकतीच्या मागून फेकायचं असं पाय ठेवून दाखवलं.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हे थांबलेत माझ्यासाठी?"

"नियम आहे, आई."

"असा नियम आहे?"

तिने फेकली. परत तिचीच सगळ्यात लांब. परत सगळे तिच्या मागे. त्यात कुणी उपकार करत नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "सावकाश या हं, काही घाई नाही" असं दयेने म्हणणारी माणसं आम्हाला त्या प्रवासात भेटली होती, आणि ते ऐकून आई आणखी आक्रसायची. इथे तसं कुणी म्हणालं नाही. तिचा नंबर होता, म्हणून सगळे थांबले होते. पहिल्या बास्केटला तिला सहा फेकी लागल्या. सहाव्यांदा साखळ्या वाजल्या तेव्हा आजोबांनी फक्त मान लववली आणि मुलीने आकडा लिहून घेतला.

तिसऱ्यापासून आईने गुडघ्याला हात लावला नाही. वारा समोरून यायला लागला तेव्हा तिची तबकडी वर चढून जागच्या जागी थिजायला लागली. मुलीने दाखवलं की पुढची कड जरा खाली धरायची. आईने तिच्याकडे बघून तशी धरली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि मला दुभाषी म्हणून आता कुणी विचारतही नव्हतं.

पाचव्याला बराच वेळ थांबावं लागलं, कारण मधल्या वाटेवर एक बाई बाबागाडी उभी करून बाळाचं टोपरं नीट करत होती. चालणाऱ्यांचा हक्क आधी, खेळणाऱ्यांचा नंतर. आजोबांनी हाक मारली नाही की हात हलवला नाही, वाट मोकळी होईपर्यंत नुसते उभे राहिले. वाऱ्यात उभं राहून माझी बोटं गारठली होती, तरी मला बरं वाटलं.

आणखी एक नियम आईला मानवला. बास्केटपासून दहा मीटरच्या आत आल्यावर फेकीच्या झोकात पुढे जायचं नाही. तोल सावरून उभं राहायचं, मगच पाऊल टाकायचं. माझा तोल दोनदा गेला. आई गेली सहा वर्षं गुडघ्यामुळे प्रत्येक पाऊल तोल बघूनच टाकते. सातव्याला ती सहा-सात पावलांवरून उभी राहिली, पाय जुळवले, मनगट सोडलं, आणि तबकडी साखळ्यांच्या बरोबर मधे गेली. आम्हा सगळ्यांत त्या बास्केटला सगळ्यात कमी फेकी तिच्या होत्या, तीन. मुलीने "अम्मा!" म्हणून ओरडून हाताला हात मारला. पुढच्या खेळीला पहिली फेक आईची, कारण जो जिंकतो तो सुरुवात करतो. ती एकदा मागे राहिली म्हणून आधी, एकदा जिंकली म्हणून आधी.

नऊ बास्केट झाली तेव्हा दहा वाजले होते आणि ऊन होतं. आईच्या एकूण फेकी सेहेचाळीस, माझ्या एक्कावन्न. आजोबांनी पिशवी आवरली, आईचा हात हातात घेतला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. मुलगी तोवर सायकलकडे पळाली होती, म्हणून ते काय म्हणाले हे आम्हाला कळलं नाही.

रात्री मी फोनवर वाचत बसले. 1975 मध्ये कॅलिफोर्नियात ला कॅन्याडा फ्लिंट्रिजच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गोल्फचा पहिला कायमचा कोर्स झाला, तो एड हेड्रिक यांनी आखला. आधी नुसत्या खांबांवर नेम धरत. तबकडी लागली की नाही यावरून वाद होत. साखळ्यांचं बास्केट त्यांनीच शोधलं आणि 1977 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. 2002 मध्ये ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या केल्या. हे मी आईला वाचून दाखवलं. मला वाटलं तिला विचित्र वाटेल. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे अजून हवेत आहेत."

मग म्हणाली, "उद्याची बस रद्द होईल का गं?"

रद्द झाली, पैसे मिळाले नाहीत. दक्षिण किनाऱ्यावरची काळी वाळू आम्ही पाहिली नाही, आणि या प्रवासातला माझा हा एकच निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. सकाळी एका दुकानातून आम्ही एक पटर आणि एक मधल्या वेगाची तबकडी घेतली. त्या मुलीच्या तबकडीच्या आतल्या बाजूला नाव आणि फोन नंबर लिहिलेला आईने पाहिला होता, हरवली तर सापडणाऱ्याने कळवावं म्हणून. आईनेही मार्कर मागून घेतला आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, शाळेत लिहायची तसं.

बागेत त्या वेळी कुणी नव्हतं. ढग होते, वारा कालच्याहून जास्त. पहिल्या फेकी झाल्या. माझी तबकडी यावेळी झाडांत गेली नाही, चांगली सरळ पडली, आणि त्या आनंदात मी भराभर तिच्या दिशेने निघाले.

"अगं, थांब," मागून आई म्हणाली. "माझी लांब आहे. आधी मी."