दिवाडी बेटावरून नार्व्याला

आम्ही सांगलीचे. यंदा पहिल्यांदा गोव्याला गेलो, मी आणि सासूबाई. मुक्काम पणजीत. चार दिवसांतला एक दिवस मला पुन्हा पुन्हा आठवतो, म्हणून त्याच दिवसाबद्दल सविस्तर लिहिते.

कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, स्टँडवरून बस पकडून जुन्या गोव्याला उतरलो. बॉम जेझूचं चर्च बघितलं. तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ चालत गेलं की मांडवी नदीचा धक्का लागतो. फेरीबोट पायी चालणाऱ्यांना फुकट. काही मिनिटांत पलीकडे दिवाडी, आणि जुन्या गोव्यातली गर्दी एकदम संपते. दोन्ही बाजूंना खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची, शेतं, मातीचे बांध, भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशी (झडपा). बेटावर रिक्षा शोधत बसू नका, सहसा मिळत नाही. आम्ही तासभर उन्हात चाललो, सासूबाईंचे पाय दुखले, याचं मला अजून वाईट वाटतं. पणजीहूनच स्कूटर भाड्याने घ्या आणि फेरीत चढवा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, ती भाड्याच्या परवान्याची असते.

शेवटी एका घराच्या सोप्यावर बसलेल्या आजींनी हाक मारली, “बाय, खंय वचपाचें?” म्हणजे कुठे जायचंय. मी मराठीत सांगितलं, त्या कोंकणीत बोलत राहिल्या, आणि दोघींना सगळं कळत होतं. पाणी दिलं, शेजारच्या मुलाला गाडी काढायला लावली. दुसऱ्या टोकाच्या फेरीने नदी ओलांडली की नार्वे.

तिथे सप्तकोटेश्वर. हा गोव्याच्या जुन्या कदंब राजांचा देव. मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, पोर्तुगीजांनी 1540 च्या सुमारास ते पाडलं, आणि भक्तांनी लिंग नदीपलीकडे नेलं. म्हणजे ज्या पाण्यावरून आपण आत्ता फेरीने आलो, तेच पाणी ओलांडून देवही इकडे आला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथे देऊळ बांधायला घेतलं. दारावरच्या शिलालेखात शके 1590 कोरलंय. सासूबाईंनी अक्षरं बोटाने गिरवत ‘श्रीशिवराज्ञा’ वाचलं आणि त्यांचा आवाज भरून आला. मलाही काही बोलता येईना. लिंग गुळगुळीत गोल नाही, धारेचं, म्हणजे उभ्या कडांचं आहे. नीट बघा. नूतनीकरणानंतर 2023 मध्ये मंदिर पुन्हा खुलं झालं आहे.

सकाळी लवकर निघा. दुपारी एक ते चार गोव्यात बरीच दुकानं बंद असतात, बेटावर तर जेवायला मिळेलच असं नाही. आम्ही सकाळीच पणजीत उंडे (गोव्याचे गोल पाव) आणि केळी घेतली होती, त्यावर निभावलं. देवळात खांदे-गुडघे झाकलेले हवेत. धक्क्यावर परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून घ्या.

परतताना सासूबाई फेरीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “मंगेशीला उद्या जाऊ. आज हेच राहू दे डोळ्यांत.”