व्हिसा खरा, नोकरी खरी, तरीही तस्करी

मानवी तस्करी म्हटलं की बंद कंटेनर आणि बनावट पासपोर्ट डोळ्यांसमोर येतात. श्रीमंत देशांत मात्र कितीतरी माणसं विमानाने, स्वतःच्या पासपोर्टवर आणि खऱ्या व्हिसावर येऊन अडकतात. अमेरिकेतलं सिग्नल इंटरनॅशनलचं प्रकरण तसंच आहे, आणि त्याचं एक टोक मुंबईत होतं.

ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने मेक्सिकोच्या आखाताचा किनारा झोडपला. समुद्रातल्या तेलाच्या रिगची दुरुस्ती करणाऱ्या सिग्नलला मिसिसिपीतल्या पॅस्कागुला आणि टेक्सासमधल्या ऑरेंज इथल्या यार्डांसाठी वेल्डर आणि पाइपफिटर हवे होते. मुंबईतली देवान कन्सल्टंट्स ही भरती एजन्सी आणि अमेरिकेतले वकील व मध्यस्थ यांच्यामार्फत सुमारे ५०० भारतीय तिथे गेले. बहुतेकांनी १०,००० ते २०,००० डॉलर भरले होते, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण साडेचार ते नऊ लाख रुपये. जमिनी विकल्या, दागिने गहाण पडले, सावकाराचं व्याज चालू झालं. बदल्यात आश्वासन होतं ग्रीन कार्डचं, तेही कुटुंबासकट.

खरी गोम इथेच होती. व्हिसा होता एच-२बी, तात्पुरत्या कामाचा आणि एकाच मालकाशी बांधलेला. तेव्हाच्या नियमानुसार (तो २०२५ मध्ये बदलला) या व्हिसावर असताना मालकाने तुमच्यासाठी कायम नोकरीचा अर्ज केला, तर त्याच कारणावरून मुदतवाढ नाकारली जाऊ शकत होती. म्हणजे एजंट जी वाट दाखवत होता, ती कायद्यानेच बंद होती. नोकरी सोडावी तर व्हिसा जातो आणि परत जावं तर दारात सावकार उभा. मग साखळदंड कशाला हवेत?

कंपनीच्या आवारातल्या छावणीत एकेका खोलीत २४ माणसं, दुमजली कॉट, कुंपण आणि पहारा. राहण्या-जेवण्याचे महिन्याला १,०५० डॉलर पगारातून कापले जात. गणित मांडून बघा: १० महिन्यांत १०,५०० डॉलर, म्हणजे एजंटला दिलेल्या किमान रकमेपेक्षाही जास्त. कराराचा कागद हातात आला की पगाराच्या आकड्याआधी कपातीचा रकाना वाचायचा, तो यासाठी.

मार्च २००७ मध्ये संघटित होऊ पाहणाऱ्या काही जणांना कंपनीने पहाऱ्यात कोंडून परत धाडण्याचा प्रयत्न केला. त्या दिवशी एकाने मनगट कापून घेतलं. वर्षभराने शंभराच्या आसपास कामगारांनी कंपनीच्या फाटकावर हेल्मेट फेकून काम सोडलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने कंपनी, वकील आणि मुंबईचा एजंट यांना श्रम-तस्करी आणि फसवणुकीसाठी जबाबदार धरलं. पाच कामगारांना मिळून सुमारे १.४ कोटी डॉलरची भरपाई मंजूर झाली. जुलैमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि उरलेल्या दाव्यांसाठी २ कोटी डॉलर व माफी, अशी तडजोड झाली. न्याय मिळाला, पण काम सोडल्यावर सात वर्षांनी. व्याज काही तोवर थांबत नाही.

निकाल लागला तो २००० सालच्या अमेरिकी कायद्याच्या जोरावर. त्यात मारहाणीची अट नाही. ‘काम सोडलंस तर इमिग्रेशनला कळवीन’ असं धमकावून कामाला जुंपणंही सक्तीची मजुरी ठरू शकतं. पीडिताला टी-व्हिसा मागता येतो. त्याची मुदत चार वर्षं, अर्जाला फी नाही, पण सहसा तपास यंत्रणेला सहकार्य करावं लागतं.

आपल्याकडचा कायदा १९८३ चा. परदेशी नोकरी देणाऱ्या एजंटची नोंदणी लागते आणि तो कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो. नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. त्याहून जास्त मागितले, तेही रोख आणि पावतीशिवाय, तर तिथूनच उठावं. एक फट मात्र आहे: प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याची, मंजुरी लागते ती ठराविक देशांसाठी, मुख्यतः आखाती. अमेरिका त्या यादीत नाही, त्यामुळे तुमचा करार त्या टेबलावर तपासला जात नाही. तो स्वतःच वाचावा लागतो.

निघण्यापूर्वी पासपोर्ट, व्हिसा, करार आणि पैशांच्या पावत्यांचे फोटो काढून घरच्या एखाद्याकडे ठेवावेत. पासपोर्ट ‘सांभाळायला’ म्हणून घेऊन तो परत न देणं, ही नेहमीची पहिली खूण. अमेरिकेत अडकलेल्यांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १-८८८-३७३-७८८८ चोवीस तास चालू असते. दुभाषा मागता येतो आणि नाव सांगितलंच पाहिजे असं नाही.