कलाटणीचा पहारा

मलपृष्ठावर 'शेवटची कलाटणी तुम्हाला हादरवून टाकेल' असं छापलेलं असलं की माझं वाचन तिथेच बिघडतं. गोष्ट राहते बाजूला आणि मी पहाऱ्यावर बसते. हा नवरा जरा जास्तच प्रेमळ दिसतोय. ही शेजारीण उगाच दोनदा डोकावून गेली. लेखकाने कुत्र्याचं एवढं कौतुक चालवलंय, म्हणजे कुत्र्याचं काही खरं नाही.

'द सायलेंट पेशंट' मी असंच पहाऱ्यावर बसून वाचलं. ॲलेक्स मायकेलिडीसची ही पहिलीच कादंबरी, 2019 ची. ॲलिशिया नावाची चित्रकार नवऱ्याच्या चेहऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर तोंडातून चकार शब्द काढत नाही. अशी सुरुवात असल्यावर पुस्तक खाली ठेवायची कुणाची छाती आहे! रात्री दोनला संपवलं. कलाटणीही पुरती लागू पडली, एवढा पहारा देऊनसुद्धा. पण सकाळी आठवायला गेले तर ॲलिशियाचं मौन तेवढं आठवत होतं, बाई काही डोळ्यांपुढे येईना. दीर, गॅलरीवाला, डॉक्टर ही मंडळी एकेक करून येतात, पुरेशी संशयास्पद दिसतात आणि निघून जातात. तेवढ्याच कामाला बोलावलेली. कुणी वाचायला मागितलं तर खुशाल देईन, परत केलं नाही तरी चालेल.

मॅट हेगच्या 'द मिडनाइट लायब्ररी'बद्दल फार बोलायचं नाही, कारण ते आवडणारे लोक खरंच मनापासून आवडून घेतात. नोरा एकेक पुस्तक उघडून न जगलेली आयुष्यं जगून बघते, कधी ऑलिम्पिकची जलतरणपटू, कधी रॉकस्टार. कल्पना सुरेख. पण दोन-तीन आयुष्यं झाल्यावर मुक्काम कुठे आहे ते कळतं, आणि लेखक मात्र प्रत्येक थांब्यावर उतरून समजावत राहतो.

रिचर्ड ऑस्मनच्या 'द थर्सडे मर्डर क्लब'चं उलट झालं. निवृत्तांच्या वसाहतीतली चार म्हातारी माणसं दर गुरुवारी जुन्या, न सुटलेल्या खुनांची उकल करत बसतात. खून कुणी केला ते मी विसरले. खरंच विसरले, आणि काही अडलंही नाही. जॉइसची डायरी मात्र लख्ख आठवते. खुनाबद्दल लिहिता लिहिता ही बाई कुठल्या कुठे भरकटते, आणि त्या भरकटण्यात मधेच म्हातारपणाची एकटी संध्याकाळ दिसून जाते. रहस्य म्हणून पुस्तक जरा सैलच आहे. चालतंय.

आणि मग केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' हाती आलं. मूळ जपानी, 2005 चं. इथे खून सुरुवातीलाच डोळ्यांदेखत होतो, कुणी केला, का केला, सगळं उघड. खून करणाऱ्या यासुकोच्या शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी ते निस्तरायला पुढे येतो. म्हटलं, चला, आज पहाऱ्याला सुट्टी. नेमकी तिथेच मी फसले. इशिगामी परीक्षेत प्रश्न घालतो तो दिसायला भूमितीचा, सोडवायला बीजगणिताचा. पुस्तकभर लेखक तेच करतो आणि वर तसं सांगूनही टाकतो! कॉलेजातला जुना मित्र एक सिद्धता आणून देतो तेव्हा हा एकाकी माणूस रात्रभर बसून त्यातली चूक शोधतो. त्याचा तो आनंद मला खुनापेक्षा जास्त लक्षात राहिला. तक्रार एकच, ज्या यासुकोसाठी हे सगळं चाललंय ती तेवढी धूसर राहते.

शेवटी रडू आलं, ते इशिगामीसाठी. पुस्तक मिटून बराच वेळ गेला तेव्हा ध्यानात आलं, की ज्याच्यासाठी खरं तर वाईट वाटायला हवं होतं त्याच्यासाठी काहीच वाटलं नव्हतं. कोण, ते सांगत नाही. उठून पहिली पानं पुन्हा काढली. तो तिथेच होता, बाकावर बसलेला. मी इशिगामीच्या मागोमाग त्याच्या पुढ्यातून निघून गेले होते.