एअर पिस्तूल: नवं ट्रिगर ब्लेड बसवल्यानंतर

बाहेरून मागवलेलं ट्रिगर ब्लेड, म्हणजे बोट टेकतं ती ट्रिगरची पट्टी, अखेर पिस्तुलावर चढलं. मूळचं अरुंद आणि बाकदार होतं. हे सरळ आहे, बोटाखाली रुंद लागतं, पुढेमागे सरकतं आणि थोडं तिरकंही फिरवता येतं. स्प्रिंगला हातही लावला नव्हता, तरी बसवल्याबसवल्या ५०० ग्रॅमचं वजन अडकवलं तर ट्रिगर लगेच सुटला.

हा तरफेचा हिशेब आहे. ट्रिगरची पिन वर आणि बोट खाली. नवं ब्लेड लांब, म्हणून त्याचा मध्य पिनेपासून जास्त दूर, आणि तेवढा जोर कमी पुरतो. नियमाप्रमाणे १० मीटर एअर पिस्तुलाचं ट्रिगर वेट, म्हणजे ट्रिगर सुटायला लागणारं वजन, ५०० ग्रॅमच्या खाली चालत नाही. मोजताना नळी उभी धरतात, पिस्तूल हवेने चार्ज केलेलं असतं आणि वजन ब्लेडच्या मध्याजवळ अडकवतात. घरीही तसंच मोजावं, अर्थात पेलेट (छर्रा) न घालता आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून. आणि पंखा बंद! मे महिन्यात दादरच्या घरात हे सोपं नाही, पण लोंबणारं वजन हलत राहिलं तर आकड्याला अर्थ नाही.

ट्रिगरचं एकूण वजन मी ५२० ग्रॅमच्या आसपास आणून ठेवलंय. काटेकोर ५०० वर ठेवणाऱ्यांचं धाडस मला कळत नाही. स्प्रिंग ढिली पडते, स्क्रू हलतो, आणि मॅचनंतर अचानक तपासणी झाली की थेट बाद.

खरी मजा वाटणीत आहे. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो: फर्स्ट स्टेजमध्ये तो भिंत लागल्यासारखा अडेपर्यंत मागे येतो, सेकंडमध्ये ती भिंत ओलांडली की शॉट सुटतो. सगळे सांगतात, फर्स्ट स्टेजला जास्तीत जास्त वजन द्या, सेकंडला नावापुरतं. म्हणजे पिस्तूल खाली आणतानाच बहुतेक भार बोटावर येतो आणि शेवटी थोडंच दाबायचं उरतं. कोरड्या हवेत ठीक. मुंबईच्या दमटपणात बोट घामेजलं की ती हलकी भिंत जाणवतच नाही, बोट सरळ आरपार जातं आणि शॉट आपल्याआधी सुटतो. म्हणून मी फर्स्टला ३६० च्या आसपास ठेवून बाकीचं सेकंडला दिलंय. आता भिंत लागते, बोट टेकतं, मग दाब वाढतो.

ट्रिगर स्टॉपला, म्हणजे शॉट सुटल्यावर ट्रिगर आणखी मागे जाऊ न देणाऱ्या स्क्रूला, सगळ्यात जास्त वेळ गेला. स्टॉप इतका आवळला की ट्रिगर सुटेचना. मग ॲलन कीने जरा जरा सैल करत क्लिक येईपर्यंत आलो आणि वर आणखी थोडी सूट ठेवली. ही सूट हवीच, नाहीतर कधीतरी ऐन मॅचमध्ये अडकेल. पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर करताना, म्हणजे पेलेट न घालता नुसता ट्रिगर दाबताना, फरक स्पष्ट दिसतो. आधी क्लिकसरशी फ्रंट साइट डावीकडे टिचकी मारल्यासारखी जायची, आता मागच्या साइटच्या खाचेत जागच्या जागी राहते. जमलेल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूपर्यंत ताईच्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला.

वरळीच्या रेंजवर एकाने विचारलं, त्याच्या .२२ सेमी-ऑटोमॅटिकला हीच कृती चालेल का? नाही. २५ मीटर स्पोर्ट पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम लागतात आणि आत जिवंत काडतूस असतं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्क्रूंपलीकडे सीअरला (ट्रिगर दाबेपर्यंत हॅमर अडवून धरणाऱ्या आतल्या भागाला) हात लावायचा असेल तर ते परवानाधारक आर्मररचं, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याचं काम. यूट्यूब बघून घासायला बसू नका.

टार्गेटच्या कागदावर आठ गुणांचे शॉट कमी झालेत. ग्रुप अजून जरा उंच बसतोय, पण तो ट्रिगरचा दोष नाही, तळहाताखालचा पाम शेल्फ ढिला आहे. आता ग्रिपला पॉलिश पेपर लावायचा.