कोळसा वाळता वाळेना

मालगाडीच्या मॉडेलमध्ये कोळसा भरायला अर्धा तास पुरतो. तो वाळायची वाट बघण्यात माझे अकरा दिवस गेले, आणि त्या अकरा दिवसांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

नाशिकरोडला राहणाऱ्याला मालगाडी म्हटलं की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचा कोळसा आठवतो. माझ्याकडे एचओ मापाचे, म्हणजे १:८७ चे, सहा बॉक्सएन, म्हणजे वरून उघडे, डबे आहेत. खरा डबा सुमारे १०.७ मीटरचा, माझा सव्वाबारा सेंटिमीटरचा. मनात खरं तर लासलगावचा कांदा होता. पण बंद बीसीएन डब्याची दारं लागली की आत कांदा आहे की कापूस, कुणाला कळणार? शिवाय या मापात खसखशीचा एक दाणा म्हणजे पावशेराचा कांदा! तेव्हा कोळसाच.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या दादांकडून मूठभर आणला. चूक झाली ती इथेच, पण ती कळायला आठवडा गेला.

डब्याच्या आतल्या मापाचा पुठ्ठा कापला, त्यावर कुटलेला कोळसा पसरला, पांढऱ्या गममध्ये निम्मं पाणी घालून ड्रॉपरने सोडला. कोळसा चक्क तरंगायला लागला. मला वाटलं गम कमी पडला, म्हणून आणखी ओतला. जुलै महिना, बाहेर चार दिवस झड लागलेली, दोरीवरचे कपडेसुद्धा वाळत नव्हते. दुसऱ्या दिवशी वरून बोट लावलं तर कडक, दाबलं तर आत दह्यासारखं. तिसऱ्या दिवशीही तेच. पांढरा गम वाळतो तो त्यातलं पाणी उडून. हवाच ओली असेल तर पाणी जाणार कुठे? वर साय धरली की खालचं पाणी अडकूनच बसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि धीर धरणं वेगळं.

चौथ्या दिवशी हिचा हेअर ड्रायर आणला. साय फाटली, सुटा कोळसा उडाला आणि सोफ्याच्या कव्हरवर बसला. आई म्हणाली, "अरे, चुलीचे दिवस परत आणलेस की काय?" मग दोन दिवस टेबललॅम्पखाली ठेवला. तोवर पुठ्ठा पाण्याने फुगून वाटीसारखा वाकला होता आणि डब्यात बसेना. दाबून बसवला, तर कडेचा ओला गम डब्याच्या भिंतीला चिकटला. काढताना एका डब्याची शिडी तुटली. त्या रात्री मी सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं होतं.

उलगडा झाला तो लोहाराकडे. विळ्याला धार लावायला गेलो होतो, तिथे भात्यापाशी काळ्या चकचकीत ढेकळांचा ढीग. "मामा, हा कोणता कोळसा?" "दगडी. तुमचा इस्त्रीचा तो लाकडी, लोणारी." बस! लाकडी कोळसा सच्छिद्र आणि हलका, म्हणून आधी तरंगतो आणि मग पाणी पिऊन ओलाच राहतो. माझ्या पुठ्ठ्यावर तेच चाललं होतं. एकलहऱ्याला जातो तो दगडी. मामांनी दोन ढेकळं फुकट दिली.

दुसऱ्या खेपेला पुठ्ठा नाही, थर्मोकोल. मधे दोन उंचवटे कोरले; लोडरच्या बादलीने भरलेला डबा तसाच दिसतो, पाटासारखा सपाट नाही. थर्मोकोलवर काळा पोस्टर कलर, स्प्रे चुकूनही नाही, तो थर्मोकोल खातो. झटपट चिकटणारा गमही तेच करतो. कोळसा फडक्यात बांधून हातोडीने फोडा. रव्याच्या चाळणीतून खाली पडतो पण मैद्याच्या चाळणीवर राहतो, तो घ्यायचा. खरं १० सेंटिमीटरचं ढेकूळ इथे जेमतेम एक मिलिमीटरचं होतं. मैद्याखालची पूड वापरलीत तर डांबर सांडल्यासारखं दिसतं.

गम ओतण्याआधी फवाऱ्याने थोडं स्पिरिट मारा (खिडकी उघडी, जवळपास गॅस-उदबत्ती नको), म्हणजे गम थेंब होऊन न बसता आत शिरतो. एकच पातळ थर. आणि वाळवताना लोड, म्हणजे कोळसा चिकटवलेला थर्मोकोल, डब्यात ठेवू नका, हे मी खरं तर वरच सांगायला हवं होतं. ऊन पडलं होतं, एका दिवसात खडखडीत.

थर्मोकोल डब्यापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान कापा आणि कोळशाखाली एक लोखंडी वॉशर दडवा. वर चुंबक धरलं की लोड उचलून येतो, परतीला गाडी रिकामी धावते. वजनाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एक औंस, अधिक डब्याच्या दर इंचाला अर्धा औंस अशी आहे. माझ्या डब्याला ते ९७ ग्रॅमच्या आसपास बसतं. कोळशाचा पातळ थर त्यात काही भर घालत नाही, म्हणून मी तळाला नट चिकटवले.

पाच डबे भरले. शिडी तुटलेला सहावा रिकामाच शेवटी जोडतो. चाळण्या धुऊन परत ठेवल्या होत्या, हिने दोन्ही उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या.