सगळं देवाच्या हाती, मग ध्येय कशाला?

प्रार्थनासभा संपली की कुणी ना कुणी मला हे विचारतंच: "सगळं देवावर सोपवलंय म्हणता, मग वर्षाची ध्येयं कशाला ठरवता?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ध्येय ठरवायला पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, ना नाही. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशोब करा, हे येशूचंच उदाहरण आहे. येशूचा प्रेषित पौल याला रोमहून पुढे स्पेनला जायचं होतं, तसं त्याने रोममधल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलंही होतं. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब एवढंच बजावतो, की बेत आखताना 'प्रभूची इच्छा असेल तर' हे विसरू नका.

खरा प्रश्न 'का' हा आहे. बायबलमधल्या बाबेलच्या लोकांनी आकाशाला भिडणारा बुरूज बांधायला घेतला, विटा पक्क्या भाजल्या, कामात कसूर केली नाही. पण 'आपलं नाव करू' हे त्यांच्याच तोंडचं कारण. इस्राएलचा राजा दावीद याला मात्र मंदिर परमेश्वराच्या नावासाठी बांधायचं होतं. 'हे तुझ्या मनात आलं ते बरं केलंस,' असं देव म्हणाला, आणि तरीही नको म्हणाला. बांधणार होता त्याचा मुलगा शलमोन. मी असते तर खट्टू होऊन बसले असते. दावीदाने सोनं-रुपं जमवलं, देवदाराचं लाकूड जमवलं, दारांच्या खिळ्यांसाठी लोखंडसुद्धा. जे दार आपल्या हयातीत उभं राहणार नाही, त्याचे खिळे! ते खिळे माझ्या मनातून जात नाहीत. आता काहीही ठरवताना मी स्वतःला विचारते: हेच काम दुसऱ्याच्या हातून झालं, तर मला तितकाच आनंद होईल का?

हे मला आधी कळत नव्हतं. एका वर्षी मी अख्खं बायबल वाचायचं ठरवलं. ११८९ अध्याय, म्हणजे रोजचे तीन-चार. मुखपृष्ठाच्या आत तक्ता चिकटवला होता, लाल पेनाने खुणा करायचे. एका रात्री आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका मावशींचा फोन आला. त्यांचा आवाज जड होता. माझे लेवीय या पुस्तकातले दोन अध्याय राहिले होते. "उद्या बोलू हं, मावशी," म्हणून मी फोन ठेवला, दोन्ही अध्याय वाचले आणि दोन खुणा केल्या. काय वाचलं ते सकाळी आठवेना. मावशींचा आवाज तेवढा आठवत होता. वर्षअखेरीला 'माझं वाचून झालं' असं चारचौघांत सांगायचं, यासाठी मी वाचत होते. तक्ता मी काढून टाकला.

यंदाचं ध्येय लहान आहे. मावशींना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून दर गुरुवारी त्यांना लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, वाचून दाखवायचं. तीन आठवड्यांत दोनच अध्याय झालेत. त्या मध्येच थांबवतात, "ते परत वाच गं," म्हणतात, आणि मी परत वाचते.