डावीकडचे पाच किलो

स्किऊ ते मारखा हा वीसेक किलोमीटरचा टप्पा. लडाखमधल्या मारखा खोऱ्यात तो सोपा समजला जातो, म्हणूनच त्या ऑगस्टमधल्या सकाळी सामान लादताना आम्ही घाई केली. आठ जणांचा गट, त्यातले दोघे घोड्यावर, आणि सामानाला पाच घोडे. साडेदहाच्या सुमारास मुरमाड, घसरड्या वळणावर अबलख (दुरंगी) घोड्याचं ओझं फिरलं आणि पालाणासकट, म्हणजे ओझ्याच्या खोगिरासकट, पोटाखाली गेलं.

अशा वेळी घोडा लाथा झाडतो, पळतो, आणि वाट अरुंद असेल तर खाली जातो. आमच्या घोडेवाल्यांनी (वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना मेमे-ले म्हणायचे) आधी त्याचं तोंड धरून डोंगराकडे वळवलं. मग क्रमाने सोडायचं : बांधणीचा दोर, दुमची (शेपटीखालचा पट्टा), छातीचा पट्टा आणि सर्वांत शेवटी तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा. तंग आधी सोडला तर बाकीच्या पट्ट्यांना लटकलेलं पालाण मागच्या पायांत जातं. आमचा दोर मात्र सुटेना. स्वयंपाकाच्या पोराने निरगाठ मारली होती, ती ताणाने आवळून दगड झालेली. शेवटी चाकूने कापावा लागला. ओझ्याला सुरगाठच हवी, एका झटक्यात सुटणारी. आणि दोर शक्यतो केसांचा. नायलॉन ताणतो, घसरतो, तासाभरात सैल पडतो.

पालाण उतरवल्यावर पाठ पाहिली. सगळीकडे घाम, पण डाव्या बाजूला तळहाताएवढा भाग कोरडा. पाहणाऱ्याला कोरडा भाग बरा वाटतो, खरं तर तिथेच दाब जास्त पडलेला असतो. पुढे तिथेच सूज येते, कातडी सोलते. पालाणाखालच्या नमद्याला (लोकरीच्या जाड गादीला) घडी पडून तो तिथे रुतला होता.

पण ओझं फिरलं का? लेहमध्ये तर मी स्वतः ताणकाट्यावर (टांगून वजन करायच्या स्प्रिंगच्या काट्यावर) वजन केलं होतं : डावीकडे २७ किलो, उजवीकडे २७. काटा पुन्हा काढला. डावी गोणी भरली २२, उजवी साडेअठ्ठावीस. उत्तर स्वयंपाकात होतं. रात्रीचे बटाटे, तांदूळ, सकाळची कणीक, सगळं मिळून पाच किलो एकाच गोणीतून निघालं होतं. शिवाय दवाने भिजलेलं तंबूचं वरचं कापड कोणीतरी उजवीकडे कोंबलेलं. साडेसहा किलोंचा फरक. दोन बाजूंत किलोभराचा फरक घोडा सांभाळून घेतो, त्यापुढे पालाण जड बाजूला ओढलं जातं आणि तंग कितीही आवळला तरी थांबत नाही. उलट जास्त आवळलेल्या तंगाने घोडाच जखमी होतो.

तिथेच सगळं उपसून पुन्हा भरलं. तांदूळ, डाळ, कणीक दोन्ही गोण्यांत निम्मं-निम्मं. जड वस्तू खालच्या बाजूला आणि घोड्याच्या अंगालगत. फासळ्यांवर टेकणाऱ्या बाजूला मॅट किंवा कपडे, तिथे कुकरचा दांडा येता कामा नये. रॉकेलचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन बाहेरच्या बाजूला, पिठापासून लांब, काठोकाठ न भरलेले, कारण उन्हाने रॉकेल फुगतं आणि झाकणातून पाझरतं. भांडी टॉवेलात गुंडाळलेली, कारण खणखणाटाने घोडा बुजतो. माथ्यावर फक्त हलकं सामान : झोपायच्या पिशव्या, त्याही दुहेरी प्लास्टिकमध्ये. दुपारनंतर बर्फ वितळून नदी चढते आणि ओलांडताना गोण्यांचे तळ भिजतात. आमचा उशीर झालाच होता.

अबलखवर त्या दिवसापुरते ४० किलोच ठेवले. एरवी त्या चणीच्या घोड्यावर ५०-५५ ठीक. सत्तर किलोचा स्वार जातो, मग सामान का नाही, असं एकाने विचारलं. स्वार चढावर पुढे झुकतो, उतारावर मागे रेलतो, गोणी काही करत नाही. स्वारांकडेही पाहिलं, तर दोघांच्याही पाठीवर दहा-दहा किलोच्या सॅक! घोडा ठेचकाळला की ती सॅक माणसाला मागे खेचते. सॅक सामानात गेल्या, स्वारांच्या पडशीत उरलं पाणी, रेनकोट, औषधं आणि खाऊ, दोन्हीकडे सारखं.

निघाल्यावर पंधरा मिनिटांनी थांबून तंग पुन्हा ओढला. तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात, जातिवंत असो वा तट्टू.

दुसऱ्या दिवशी मारख्यात सहा वाजता ताणकाटा झाडाला टांगला. पहिली गोणी साडेचोवीस, दुसरी चोवीस. स्वयंपाकाचा पोरगा नाश्त्याचे पोहे मोजून दोन्ही गोण्यांतून काढत होता.